दाढ दुखायची थांबली, तरी रूट कॅनाल कशाला?

निवांत:
खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ, जुनं आणि बऱ्यापैकी मोठं फिलिंग. आधी दोनेक आठवडे थंड पाण्याने कळ यायची, पुढेपुढे ती अर्धा-पाऊण मिनिट रेंगाळायला लागली. मग तीन रात्री ठणका: गरम प्यायलं की वाढायचा, तोंडात गार पाणी धरलं की ओसरायचा. चौथ्या दिवसापासून एकदम शांत. एक्स-रेत मुळाशी काही दिसत नाही, तरी रूट कॅनाल सांगितलंय. दुखणं थांबलं म्हणजे नस सावरली असं होऊ शकतं का? आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर निदान कशावरून करतात?

अक्कलदाढ:
गरमाने वाढायचा आणि गार पाण्याने ओसरायचा, या एका तपशिलावरच बरंचसं कळतं. सुधारू शकणारी नस असं वागत नाही.

ज्याला आपण नस म्हणतो तो दाताचा गाभा, म्हणजे पल्प. त्यात बारीक रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊती असतात, आणि भोवती सगळीकडून टणक डेन्टिन. बोटाला सूज आली तर बोट फुगतं. पल्पला फुगायला जागाच नसते. सूज आलेल्या भागातला दाब वाढतो, तिथलं रक्त थांबतं, तेवढा तुकडा मरतो आणि मग शेजारचा.

पल्पमध्ये दुखणं वाहून नेणारे मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. बाहेरच्या कडेचे ए-डेल्टा: थंड लागलं की तीक्ष्ण सणक, थंड गेलं की सणकही गेली. खोलवरचे सी तंतू उशिरा जागे होतात, पण बोथट, ठोके पडल्यासारखा ठणका देतात आणि लवकर थांबत नाहीत. ऑक्सिजन कमी पडला तरी ते तग धरतात. म्हणून पल्प मरायला लागला की थंडाची सणक मागे पडते आणि गरमाचा ठणका पुढे येतो. तुमच्याकडे नेमका हाच क्रम आहे.

त्यामुळे कळ किती जोरात आली यापेक्षा ती किती वेळ टिकली हे बघायचं. थंड काढून घेतल्यावर एक-दोन सेकंदांत गेली तर पल्प चिडलाय, पण बहुतेक वेळा वाचतो. कीड काढून नीट फिलिंग केलं की पुरतं. 30 सेकंद किंवा त्याहून जास्त रेंगाळली, काही न खाता-पिता आपोआप सुरू झाली, किंवा झोपेतून उठवू लागली, तर पल्प परतीच्या वाटेवर नाही असं धरतात. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून रात्री जास्त दुखतं. दोन उशा घेऊन झोपल्यावर बरं वाटतं ते त्यामुळेच.

या टप्प्यावर नेमका कुठला दात दुखतोय हे सांगता येत नाही, हेही लक्षणच. जागा ओळखणारे तंतू पल्पमध्ये नाहीत, ते मुळाभोवतीच्या पडद्यात असतात. खालची दाढ दुखत असताना बोट वरच्या दाढेवर ठेवणारे, कान दुखतोय म्हणणारे पुष्कळ. पण असं दुखणं सहसा डावीकडून उजवीकडे ओलांडत नाही. पुढे जंतू मुळाच्या टोकाबाहेर गेले की चावल्यावर दुखतं, दात इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो, आणि तेव्हा मात्र बोट बरोबर त्याच दातावर जातं.

आता शांतता. सुजलेला पल्प तीन रात्री ठणकून अचानक गप्प होतो, तेव्हा बहुधा तो मेलेला असतो. खात्री मात्र चाचणीनेच.

चिमटा_आरसा:
चाचण्यांचं मी सांगतो, कारण खरा निकाल तिथेच लागतो.

पहिली थंडाची. बर्फाचा खडा चालतो, पण तो वितळून पाणी शेजारच्या दातावर किंवा हिरडीवर ओघळतं आणि उत्तर चुकतं. टेट्राफ्लुरोइथेनचा स्प्रे (साधारण उणे 26 अंश सेल्सिअस) कापसाच्या बोळ्यावर मारून तो कोरड्या केलेल्या दाताला लावणं जास्त भरवशाचं. सुरुवात संशयित दाताने करायची नाही. आधी शेजारचा किंवा जबड्याच्या दुसऱ्या बाजूचा तसाच निरोगी दात, म्हणजे त्या माणसाचा 'नेहमीचा' प्रतिसाद कळतो. मग संशयित दात, आणि प्रतिसाद संपेपर्यंतची सेकंदं मोजायची. निरोगी दाताला जाणवलं आणि याला काहीच नाही, तर पल्प मेल्याची शक्यता मोठी.

पण या एका चाचणीवर कुणी दात उघडू नये. कॅप बसवलेली असेल, वयानुसार आतली पोकळी आक्रसलेली असेल, तर जिवंत पल्पही गप्प राहतो. उलट, दाढेला दोन-तीन मुळं असतात. एकातला पल्प मेलेला आणि दुसऱ्यातला जिवंत असं असेल तर थंड जाणवतं आणि फसगत होते. म्हणून सोबत विजेची चाचणी, आरशाच्या दांड्याने हलके ठोकून बघणं, मुळाजवळची हिरडी दाबणं आणि हिरडीची खोली (हिरडी आणि दात यांमधल्या फटीची) मोजणं. विजेची चाचणी मज्जातंतू उत्तर देतात का एवढंच सांगते. पल्प किती आजारी आहे हे तिच्या आकड्यावरून कळत नाही.

एक्स-रेबद्दल: हाडातली सुमारे 30 ते 50 टक्के खनिजं गेल्याशिवाय मुळाशी काळी सावली नीट उमटत नाही, आणि झीज हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराजवळ पोचेपर्यंत ती लपूनही राहू शकते. शिवाय पल्पची सूज एक्स-रेत दिसतच नाही. तेव्हा एक्स-रे स्वच्छ असणं हे 'अजून हाडापर्यंत पोचलं नाही' इतकंच सांगतं. काही वेळा मुळाभोवतीची बारीक काळी रेघ टोकाशी थोडी रुंदावलेली असते. ती बघायची.

तपासणीला जाताना एक पाळा: जमत असेल तर आधीच्या काही तासांत वेदनाशामक घेऊ नका, घेतलं असेल तर किती वाजता ते सांगा. गोळीच्या अमलाखाली थंडाचा आणि ठोकण्याचा प्रतिसाद बोथट होतो आणि गुन्हेगार दात निसटतो.

निवांत:
थंडाची चाचणी झाली होती. शेजारच्या दाढेला लगेच जाणवलं, या दाढेला अजिबात नाही. ठोकल्यावर किंचित दुखलं. मग आधी अँटिबायोटिकचा कोर्स करून बघायला काय हरकत आहे?

अक्कलदाढ:
हरकत ही की औषध पोचणार कुठून? गोळी रक्तातून जाते, आणि मेलेल्या पल्पमध्ये रक्त जात नाही. आतले जंतू सुखरूप राहतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनेतही हेच आहे: प्रकृती एरवी ठीक असलेल्या प्रौढांना अशा दुखण्यात, जिथे दातावर लगेच उपचार होऊ शकतात तिथे, सहसा अँटिबायोटिक देऊ नये. ताप, पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही ते जोडीला असतं, दातावरच्या उपचाराऐवजी नाही.

पुन्हा ठणकलं तर प्रौढांसाठी आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम एकत्र, ही जोडी चांगलं काम करते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामकांनी उसळणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायची नाही. तिथली त्वचा भाजते आणि दुखण्यात भरच पडते.

हिरडीवर पुटकुळी येऊन फुटली, तोंडात खारट-कडू चव आली, तर ती पुवाची वाट आहे. दाब सुटल्याने दुखणं कमी होतं, म्हणून लोक खूश होतात. त्या वाटेत गटापर्चाची (रबरासारख्या पदार्थाची, एक्स-रेत दिसणारी) बारीक काडी सरकवून एक्स-रे काढला की पू कुठल्या मुळातून येतोय ते कळतं.

आणि यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही: जबड्याखाली किंवा डोळ्यापर्यंत पसरलेली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, जीभ वर उचलल्यासारखी वाटणं, श्वास लागणं. यात दवाखान्याच्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालय.

मुळापासून:
वरचं पटतं, पण हा धागा वाचून थंड लागलेला प्रत्येक जण रूट कॅनालला पळेल, म्हणून दुसरी बाजू.

बरेच दात एकदम शिवशिवत असतील तर हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडली असण्याची शक्यता जास्त. त्याला पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन-चार आठवडे नियमित वापरून बघतात. नवं फिलिंग झाल्यापासून फक्त चावताना दुखतंय? फिलिंग उंच राहिलं असेल. रंगीत कागद चावायला देऊन, खूण उमटेल तेवढं घासलं की काम संपतं. चावताना नाही, पण चावा सोडताना चटका बसतो? तडा गेला असेल, तो कापसाच्या वळकटीने किंवा एकेक टोकावर चावायला लावून शोधतात. वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखतात आणि खाली वाकलं की वाढतं, तेव्हा सायनस तपासा. काही सेकंदांचा विजेसारखा झटका, तोही गालाला नुसता स्पर्श झाल्याने, हे मज्जातंतूचं दुखणं असू शकतं. आणि श्रम केले की डावा जबडा दुखतो, थांबलं की थांबतो, हे दाताचं समजून घरी बसायचं नाही, हृदय तपासायचं.

मार लागलेल्या पुढच्या दातांबद्दल विशेष सावधगिरी. मारानंतर साधारण तीन महिन्यांपर्यंत जिवंत पल्पही चाचणीला उत्तर देईलच असं नाही. दात करडा दिसतोय म्हणून लगेच नस काढू नये. मुळाची वाढ पूर्ण न झालेल्या लहान मुलांच्या दातात तर मुळीच नाही. ठरावीक अंतराने एक्स-रे आणि चाचणी पुन्हा करून बघतात.

शिवाय रेंगाळणाऱ्या कळेवर रूट कॅनाल हाच एक मार्ग, ही समजूतही बदलतेय. आजारी भाग तेवढा काढून, रक्त काही मिनिटांत थांबलं तर उरलेल्या जिवंत पल्पवर एमटीएसारखं सिमेंट घालून वर घट्ट फिलिंग करतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सने (रूट कॅनाल तज्ज्ञांची संघटना) 2021 मध्ये या उपचारांवर भूमिका मांडली आहे. पण त्याला जिवंत पल्प लागतो. निवांत, तुमच्या दाढेने थंडाला उत्तरच दिलं नाही, ठोकल्यावर दुखलं, त्यामुळे तो मार्ग तुमच्यापुरता बहुधा बंद झालाय.

चिमटा_आरसा:
सहमत. निवांत, आता विचारायचा प्रश्न वेगळा आहे: दाढ पुढे टिकेल का? जुनं फिलिंग पूर्ण काढल्यावर हिरडीच्या वर सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरतोय का, तडा मुळात उतरलाय का, एखाद्याच जागी हिरडीची खोली एकदम वाढलीय का. दीड-दोन मिलिमीटरची कड मिळाली तर कॅप घट्ट बसते. तडा मुळापर्यंत गेला असेल तर उत्तम रूट कॅनाल करूनही दाढ काढावी लागू शकते. ही तपासणी रूट कॅनालच्या पहिल्याच बैठकीत, मुळातले कालवे साफ करण्याआधी करून घ्या, आणि मागच्या दाढेवर नंतर कॅप केव्हा बसवणार हेही तेव्हाच ठरवून टाका.