बाबांनी ढोलकी खुंटीवरून काढलीच नाही

ढोलकीची_लेक:
बाबा ५६ वर्षांचे. तमाशाच्या फडात ढोलकीला. पाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात, म्हणजे खेळ ठरवतात, त्यावर आमचं वर्ष चालायचं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. २०२१ ला पाडव्याच्या दुसऱ्या रात्री आठपासून राज्यात संचारबंदी. चैत्र-वैशाखाचे दोन हंगाम गेले, पण फडमालकाकडून आगाऊ घेतलेली सत्तर हजारांची उचल तशीच राहिली. मालकाला दोष देत नाही, त्यानंही सावकाराकडूनच आणली होती.

बाबांनी तेव्हा टोमॅटोचे क्रेट उचलले. खांदा तेव्हापासून दुखतोय. फड सुरू झाल्यावर उचल फेडायला परत गेले. यंदा हंगाम अर्धा टाकून घरी आले. पहाटेपर्यंत जागे असतात, जेवण दोन घास. तमाशाच्या सुरुवातीचा गण लागला की ज्यांच्या थापेवर मागची माणसं उठून उभी राहायची, ते माझे बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. परवा म्हणाले, "मी गेलो की हिशेब मिटेल." नातेवाईक म्हणतात, तमाशाचा नाद सोडायला लावा. मी काय करू?

सुरत्या:
पोरी, नाद सोडायला लावू नकोस. तीस वर्षं ज्या नावानं माणूस ओळखला गेला ते नाव काढून घेतलं तर उरतं काय? आणि वाजवा म्हणूनही मागे लागू नकोस. ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, उतरली असेल तर म्हण, बदलून आणते, कुणाकडे देऊ?

उचलीचं तू मालकासमोर बस. किती फिटली, किती राहिली, कागदावर लिहून घे आणि पुढच्या हंगामांवर वाटून माग. आमच्या फडांत सगळं तोंडी चालतं, म्हणून रात्री तो आकडा मोठा होतो.

पंचायत समितीत ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची चौकशी कर. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आहे, २०२४ पासून महिना ५००० केलंय. फडाचे जुने करार, हँडबिलं, फोटो, सगळं जपून ठेव. माझ्या बऱ्याच जोडीदारांकडे पुरावाच नव्हता.

रात्रपाळी:
मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. पहाटेपर्यंत जागणं ही त्यांच्या अंगाची सवय असेल, तमाशातलं शेवटचं नाट्य, वग, संपायचाच पहाटे. पण "मी गेलो की" हे आजच धरा. सरळ विचारा, "बाबा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्यांना एकटं ठेवू नका, शेतीची औषधं घरातून हलवा. टेली-मानसचा १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. खांदाही दाखवा. दुखऱ्या खांद्यानं ढोलकी कशी धरवेल?

जत्रा_कमिटी:
२०२० ला आमच्या गावानं सुपारीचा इसार परत मागितला होता. मी कमिटीत होतो, गप्प बसलो. ते अजून खुपतं. आता आम्ही अर्धी रक्कम ठरवतानाच देतो, उरलेली गणाच्या आधी. जत्रा रद्द झाली तर इसार फडाचाच. बायकांना कडी लागेल अशी खोली आणि संडास. प्रत्येक गावानं एवढं केलं तरी उचल कमी घ्यावी लागेल.

ढोलकीची_लेक:
विचारलं. खूप वेळ रडले, मग "हो" म्हणाले. १४४१६ वर माझ्याशेजारी बसून वीस मिनिटं बोलले. गुरुवारी जिल्हा रुग्णालयात नेतेय, तोवर भाऊ त्यांच्याजवळ झोपतो. मालकानं वही उघडली, राहिलेत एकोणीस हजार. बाबा चाळीस धरून बसले होते.

पुडीचं काढलं तर म्हणाले, "त्याच्याकडे नको देऊ, त्यानं पुडीला लावलेली शाई टिकत नाही." ढोलकी अजून खुंटीलाच आहे.