मदत हवी आहे: मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट, भाव कुणालाच सापडत नाही

मंडळी, वाशीच्या मसाला मार्केटात मामांचं दुकान आहे, घाऊक आणि किरकोळ दोन्ही. त्यांची साइट नव्याने मांडायचं काम माझ्याकडे आलंय. कोडिंग येतं, डिझाइनचं डोकं नाही.

सध्या मोबाइलवर साइट उघडली की आधी गणपती, मग आपोआप सरकणारे फोटो, मग ‘आमच्याविषयी’ आणि पार तळाशी भाव. मेनू तीन रेघांच्या आड, त्यात अकरा नोंदी. एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाचा मसाला होतो तेव्हा लोक साइट उघडतात आणि फोन करून विचारतात, ‘बेडगी काय भाव?’ मामा खूश: ‘बघ, फोन येतायत, म्हणजे साइट चालते!’

त्यात त्यांना सगळंच ठळक हवंय. भाव लाल, ऑफर लाल, पत्ताही लाल. इंग्रजीत मथळा कॅपिटलमध्ये टाकला की भागतं, देवनागरीत ती सोय नाही. टेम्प्लेटमधल्या लेटर-स्पेसिंगने (अक्षरांमधल्या जादा अंतराने) शिरोरेषा तुटते, बोल्ड केलं की जोडाक्षरांचा गोळा होतो. काय करू?

आणि मेनू मालाप्रमाणे लावू (मिरची, हळद, धणे, खडा मसाला) की घरगुती-घाऊक असा? आगरी-कोळी मसाल्यासाठी येणाऱ्या बायका बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी एकदमच मागतात.

प्रतिसाद १
लेटर-स्पेसिंग आधी शून्य करा. गोळा होतोय म्हणजे बहुधा फॉन्टची खरी बोल्ड फाइल लोड होत नाहीये, ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतोय. ‘मुक्ता’ वापरून बघा, सात जाड्या आहेत. मजकूर १६ पिक्सेल, मथळा २६-२८, ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट, नाहीतर वेलांट्या-उकार एकमेकांत अडकतात. मथळ्याच्या वर जास्त जागा सोडा, खाली कमी. लाल फक्त ‘ऑर्डर द्या’ला. पांढऱ्यावर हळदी पिवळी अक्षरं नकोत, साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) लागतो.

प्रतिसाद २
मेनू मालाप्रमाणेच. ‘आगरी-कोळी मसाल्याचं सामान’ ही मिरचीच्या बरोबरीची वेगळी नोंद करा, तीच मिरची दोन्हीकडे दिसली तर बिघडत नाही. तळाशी कायमची पट्टी: भाव, ऑर्डर, फोन, बाकीचं ‘इतर’मध्ये. बटणं अंगठ्याला पुरतील एवढी (अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं, गुगल ४८ डीपी; दोन्ही स्क्रीनवरची मापं). ‘मेनूत सातच गोष्टी’ हा नियम कुणी सांगेल, तो सोडा. त्यामागचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६ चा लेख लक्षात ठेवण्याबद्दल आहे, समोर दिसणाऱ्या यादीबद्दल नाही. गणपती राहू दे, पण लोगोएवढा. मग मामींच्या हातात फोन द्या, ‘बेडगीचा भाव काढा’ म्हणा आणि गप्प बसा. अंगठा कुठे अडतो ते कळेल.

भावाशेजारी तारीख आहे का?

धागाकर्ता
नाही. मामा म्हणतात, कालची तारीख दिसली की गिऱ्हाईक घासाघीस करतं. रोज सकाळी भाव भरणार कोण, हा खरा प्रश्न. गुगल शीटमधून थेट उचलता येईल का? मामींना शीट भरता येते.