‘रिपल’ला सगळीकडे ‘लहर’ चालेल का?

शब्दशोधक: एकाच भाषांतरात ‘रिपल’ चार ठिकाणी आलाय: तळ्याचं पाणी, प्रेक्षकांचं हसू, पॉवर सप्लाय आणि किनाऱ्यावरची वाळू. चारही ठिकाणी ‘लहर’ लिहू का?

काना_मात्रा: नको. पाण्यावर ‘तरंग’ लिहा. लाट उसळते, फुटते; तरंग नुसता पसरत जातो. हसण्यासाठी तर आपल्याकडे तयार शब्द आहे, सभेत खसखस पिकते! ‘हास्याची लहर पसरली’ वाचलं की भाषांतर लगेच कळतं. ‘रिपलिंग मसल्स’ म्हणजे पिळदार दंड. आणि पुढे ‘रिपल इफेक्ट’ आलाच, तर परिणाम काय आहे ते बघून ठरवा. डिझेल महागलं की त्याची ‘झळ’ भाजीपर्यंत पोचते, निकालाचे मात्र ‘पडसाद’ उमटतात.

सोल्डरगन: पॉवर सप्लायमध्ये ‘लहरी व्होल्टेज’ चुकूनही लिहू नका, व्होल्टेज मनमानी करतंय असा अर्थ होईल. दुरुस्तीवाले ‘रिपल’च म्हणतात, तोच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘डीसीवर उरलेला बारीक चढउतार’ एवढं जोडा.

मजकुरात आकडे असतील तर तेही पडताळा. आपली मेन्स (घरात येणारी एसी वीज) 50 हर्ट्झची, त्यामुळे ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारी चार डायोडची जोडणी) रिपल 100 हर्ट्झचा येतो. ढोबळ हिशोब असा: लोडचा करंट भागिले 100, त्याला पुन्हा फिल्टर कपॅसिटरच्या (चढउतार सपाट करणारा, वीज साठवणारा भाग) फॅरडमधल्या कपॅसिटन्सने, म्हणजे साठवणक्षमतेने भागा. 1 अँपिअरला 4700 मायक्रोफॅरड लावला तर साधारण 2 व्होल्ट रिपल. 1000 लावला तर हिशोब 10 व्होल्टवर जातो, म्हणजे तो पुरणारच नाही. 7812 रेग्युलेटरला (12 व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप) इनपुट साडेचौदा व्होल्टच्या आसपास तरी लागतं. रिपलचा तळ त्याखाली गेला की आउटपुटही हलतं आणि स्पीकर गुणगुणतो. गुणगुण 100 हर्ट्झची असेल तर आधी फिल्टर कपॅसिटर बघा, बहुतेक सुकलेला असतो. 50 ची असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड ओपन झालाय (आतून तुटलाय) का ते तपासा, मग ग्राउंडची वायरिंग. ‘नॉइज’ ही वेगळी गोष्ट, दोन्हींना एकच शब्द वापरू नका.

ओहोटी: वाळूवर ‘वळ्या’. मूळ मजकुरात ‘असिमेट्रिकल’ आहे का बघा. एकाच दिशेच्या प्रवाहाने पडलेल्या वळीची एक बाजू सपाटसर, दुसरी उभी. उभी बाजू प्रवाह जातो तिकडे. लाटांच्या पुढेमागे हलण्याने पडलेल्या वळ्या दोन्हीकडून बऱ्यापैकी सारख्या. तिथे नुसतं ‘वाळूवरच्या खुणा’ लिहिलंत तर हा फरक पुसला जाईल.