१८व्या शतकातली मोडी पत्रं (गुहागर): पंतोजींनी लावलेलं वळण कसं ओळखायचं?

खाडीकाठ:
गुहागरजवळच्या एका खोत घराण्याचं दप्तर वाचायला घेतलं आहे. त्यात थोरल्या मुलाने देशावरून वडिलांना पाठवलेली मोडी पत्रं आणि खोतीच्या जमाखर्चाचे काही बंद (कागद) आहेत. खर्चाच्या यादीत पंतोजींच्या शिध्याची नोंद वर्षानुवर्षं येते, म्हणजे मुलाचं शिक्षण घरीच झालं. पुढे तो कचेरीत लागला. एका बंदावर "इहिदे सबैन मया व अलफ" असं साल आहे. पत्रांवर मात्र फक्त मिती, नाहीतर "छ" आणि महिना.
मुलाच्या लिखाणात पंतोजींचं काय आणि कचेरीचं काय, हे वेगळं काढता येतं का? येत असेल तर सुरुवात कुठून करावी?

दौतबोरू:
येतं. पण आधी पत्र त्याने स्वतः लिहिलं आहे का ते ठरवा, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. त्या काळच्या पत्राखाली आजच्यासारखी सही नसते. नाव मायन्यातच (सुरुवातीच्या ठरावीक मजकुरातच) येऊन जातं: "अपत्ये अमुक, चरणावरी मस्तक ठेवून साष्टांग नमस्कार विज्ञापना". मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटचं "बहुत काय लिहिणे" तेवढं मालकाच्या हातचं, असं पुष्कळ पत्रांत दिसतं. म्हणून पहिली ओळ आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. नुसती जाडी बदललेली असेल तर हात बदलला असं समजू नका, मध्येच नवा बोरू तासला तरी जाडी बदलते. बोरूच्या टोकाचा तिरपेपणा आणि तो धरायची सवय मात्र माणसागणिक ठरलेली असते. त्यामुळे जाड रेघ कोणत्या दिशेला पडते ते बघायचं. दिशाही बदलली असेल तर लिहिणारा दुसरा.

हात एकच निघाला की त्याच्या वयाचा हिशेब मांडा. पंतोजींच्या हाती मुलगा फार वर्षं नसे. नाना फडणवीस (घराणं वेळासचं, जन्म १७४२) वडील वारल्यावर १७५६ मध्ये फडणिशीवर आले, म्हणजे चौदाव्या वर्षी. माधवराव १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी पेशवे झाले. थोरामोठ्यांच्या घरी ही गत, तर खोताच्या मुलाची अक्षरओळख, पाढे आणि पत्राचे मायने बारा-चौदाव्या वर्षापर्यंत उरकलेले असणार. त्यापुढचं शिक्षण कचेरीत.

कचेरीत काय बदलतं? मायने, संक्षेप, विषय मांडायची रीत. कोणाला "राजमान्य राजश्री", कोणाला "तीर्थरूप", कोणाला नमस्कार आणि कोणाला आशीर्वाद, हे सगळं चिटणिशीत (पत्रव्यवहाराच्या खात्यात) पक्कं होतं. त्यासाठी मेस्तकं (मायन्यांच्या नमुन्यांची पुस्तकं) होती, नवा कारकून ती समोर ठेवूनच लिहायचा. म्हणून पत्राचा मायना बिनचूक आहे यावरून पंतोजी चांगले होते असं अनुमान काढू नका.

पंतोजींचं वळण उरतं ते हात विचार न करता जे करतो त्यात. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची. ही रेघ उजवीकडे उतरते की सरळ जाते? कागद मांडीवर किंवा गुडघ्यावर धरून लिहिताना ती उतरतेच. लहानपणी कोणी ती सवय मोडून घेतली असेल तर मोठेपणीही रेघ सरळ राहते. दुसरं, शाईची चाल. बोरूत शाई फार टिकत नाही, दर थोड्या अक्षरांनी दौतीत बुडवावा लागतो. बुडवल्यावरचं अक्षर काळंभोर आणि पुढची फिकी होत जातात. भिंगाखाली काळी अक्षरं मोजा. घोटलेल्या हाताची बुडवणी बऱ्यापैकी सारख्या अंतराने येते आणि शब्दाच्या मध्ये बुडवलं तरी जोड तुटत नाही. कच्च्या हाताचा जोड नेमका तिथेच तुटतो, किंवा थेंब पडतो.

मग बटर पेपरवर पाच-सहा निवडक अक्षरं उतरवून घ्या: श्री, अ, ज, ण, क्ष. प्रत्येकाचे दहा तरी नमुने, वेगवेगळ्या पत्रांतून. "श्री" विसरू नका. ती प्रत्येक पत्राच्या माथ्यावर असते, सावकाश काढलेली असते आणि मुलाने ती पहिल्यापासून गिरवलेली असते. बाकी अक्षर कचेरीत धावतं झालं तरी "श्री" जुन्या वळणाची राहू शकते.

आणखी एक सांगतो. एका पानाच्या फोटोवरून "हे चिटणिशी वळण", "हे बिवलकरी" असा मोडीच्या ठरावीक वळणाचा शिक्का मारायची घाई करू नये. आधी त्याच घरातली वडिलांची, धाकट्या भावाची पत्रं बघा. दोघा भावांचं वळण सारखं आणि वडिलांचं वेगळं असेल, तर मधला दुवा बहुतेक पंतोजीच.

पाढेपरवचा:
अक्षराबद्दल वर आलंच आहे. माझ्या मते पंतोजींचा खरा पुरावा जमाखर्चात असतो, आणि त्याकडे कोणी बघत नाही.

पंतोजींचा निम्मा वेळ पाठांतरात जायचा: पाढे, आणि अपूर्णांकांचे पाढे म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. संध्याकाळी परवचा. याचा परिणाम कागदावर असा दिसतो की मधली आकडेमोडच नसते. समजा १४ मण भात, मणाला ॥। (पाऊण) रुपया. ज्याची पाऊणकी तोंडपाठ आहे तो थेट १०॥ (साडेदहा) लिहितो. ज्याची नाही, त्याच्या समासात किंवा पाठीमागे अर्ध्याची आणि पावाची वेगळी बेरीज सापडते: ७ आणि ३॥. तसंच औटकीचं, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचं. ७ नग ३॥ दराने म्हणजे २४॥, एका फटक्यात. अशा दहा-बारा नोंदी तपासल्या की मुलाची तयारी कळते.

तपासताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक: । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. जुन्या कागदावर तिसरी रेघ पुसट झाली की पाऊणचं अर्धं होतं. वरच्याच उदाहरणात ॥। ला ॥ वाचलंत तर उत्तर ७ यायला हवं. कागदावर १०॥ दिसतं आणि आपण मुलाला चुकला म्हणतो. म्हणून आधी उलटा हिशेब करून दर पडताळा, मग चूक कोणाची ते ठरवा. दोन: याच रेघा अक्षरापुढे आल्या की संक्षेपाची खूण होतात. "मु॥" म्हणजे मुक्काम, त्यात अर्धं काही नाही. आकड्यापुढे अपूर्णांक, अक्षरापुढे संक्षेप, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच निभावतं.

हातचा कुठे घेतला तेही बघा. २० मणांची खंडी, ४ शेरांची पायली, १६ आण्यांचा रुपया. जमिनीत २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा. एकाच बंदात २०, १६ आणि ४ वर हातचे घ्यावे लागतात. चुका बहुधा तिथेच होतात, आणि एकाच जातीची चूक पुन्हापुन्हा येत असेल तर ती शिकवण्यातली फट समजायला हरकत नाही. मणाच्या पायल्या किती धरल्यात ते मात्र त्याच बंदातल्या बेरजेवरून काढा. मापं गावागणिक वेगळी होती, बाहेरचं कोष्टक लावलंत तर सगळाच हिशेब चुकीचा दिसेल.

रुमाल:
बालपणचं लिखाण सापडेल या आशेवर वेळ घालवू नका. शिकणं धुळपाटीवर चालायचं: लाकडी फळी, वर विटेची भुकटी किंवा बारीक धूळ, आणि काडीने अक्षरं. फळी हलवली की पुसलं. कागद महाग, तो हात बसल्यावरच मिळायचा. तरीही एक शोध जरूर घ्या. निकामी बंदांच्या कोऱ्या पाठीवर कित्ता असू शकतो: वरची ओळ गुरूची, खाली तीच ओळ सहा-सात वेळा मुलाची. असा एक तुकडा मिळाला तर वर सांगितलेल्या सगळ्या तुलनेला पाया मिळतो. म्हणून "हिशेबाचा रद्दी कागद" म्हणून काहीही बाजूला टाकू नका, प्रत्येक बंद उलटून बघा.

कोकणात हे काम दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांतच करा. काजळाची शाई उजेडाने उडत नाही, पण तिला धरून ठेवतो तो डिंक. पावसाळी हवेत डिंक ओल धरतो, घड्या एकमेकींना चिकटतात, आणि जोर लावून उघडलं की अक्षराचा पापुद्रा पलीकडच्या पानावर जातो. चिकटलेली घडी उघडू नका, कोरड्या खोलीत आठ-दहा दिवस सैल ठेवा. ओला बोळा, इस्त्री, सेलोटेप आणि लॅमिनेशन पूर्ण वर्ज्य. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढायची. फोटो दोन घ्या, एक समोरच्या उजेडात आणि एक बाजूच्या तिरप्या उजेडात. तिरप्या उजेडात बोरूचा दाब आणि समासासाठी घातलेली घडी दिसते, आणि पुसट झालेली ती तिसरी रेघही बरेचदा सापडते. ठेवताना मांजरपाटाच्या धुतलेल्या, खळ काढलेल्या रुमालात बांधा. खळ राहिली तर कसर लागते. वेखंडाची पुरचुंडी जवळ असू द्या, पण कागदावर पूड टाकू नका.

खाडीकाठ:
फार उपयोगी. एक शंका. मुलगा सगळीकडे "षर्च", "षंडी" लिहितो आणि वेलांट्या सरसकट दीर्घ. म्हणजे पंतोजी बेताचेच होते का?

दौतबोरू:
नाही. मोडीत इकार दीर्घ आणि उकार ऱ्हस्व काढायची रीतच आहे, आणि ख च्या जागी ष लिहिणं त्या काळी सर्रास चालायचं. "षर्च" हा खर्चच. या दोन्हींवरून शिक्षणाचा काहीच निवाडा होत नाही. त्यापेक्षा संस्कृत शब्दांतला श-ष-स बघा, जोडाक्षरं बघा. ती शुद्ध असतील तर पंतोजींखेरीज घरी भटजी किंवा शास्त्रीही शिकवत असावेत. पोथीसाठी बाळबोध (देवनागरी), व्यवहारासाठी मोडी, आणि शिकवणारेही पुष्कळदा वेगळे. मुलाच्या हातची बाळबोध ओळ, एखादं स्तोत्र किंवा कुळाची नोंद मिळाली तर ती वेगळी ठेवा, ती दुसऱ्या गुरूची कमाई. बाळबोध अक्षर कसं घोटावं हे त्या घरांना नवीन नव्हतं, दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समासच त्यावर आहे.

पाढेपरवचा:
वर्षाचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. एकूण सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी अंकांची कालगणना) ११७१. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा बंद जून १७७० ते जून १७७१ मधला. "सबा" म्हणजे ७ आणि "सबैन" म्हणजे ७०, तसंच "सित" ६ आणि "सितैन" ६०, "तिसा" ९ आणि "तिसैन" ९०. शेवटचा "ऐन" घाईत वाचायचा राहिला तर साल कुठल्या कुठे जातं. पत्रांवरचा "छ" म्हणजे चंद्र, पुढचा महिना मुसलमानी. त्यात साल नसल्यामुळे मजकुरातल्या घटनांवरून साल बसवावं लागेल. आधी या बंदातली भाताची थकबाकी पत्रांत कुठे येते का ते शोधा. एक पत्र जरी १७७०-७१ ला पक्कं बसलं तरी बाकीची त्याच्या मागेपुढे लावता येतील, आणि मुलाचं अक्षर कोणत्या वयात बदललं तेही कळेल.