मदत हवी आहे: सूर्याच्या करोनामध्ये लहरींची ऊर्जा उष्णतेत कशी बदलते?

दादर येथे अकरावीच्या विद्यार्थ्यांसमोर सूर्यावर मराठीतून व्याख्यान द्यायचे असून एका मुद्द्यावर मी अडलो आहे. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन असताना त्याच्या बाह्य वातावरणाचे, म्हणजे करोनाचे, १० लाख केल्व्हिनहून अधिक का, हे मुले नक्की विचारतील.

काही भाग मला समजावता येतो. ही ऊर्जा उष्णतावहनाने नव्हे, तर खालच्या खळबळत्या वायूने हलवलेल्या चुंबकीय क्षेत्रामार्फत वर जाते, त्यामुळे उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचा (उष्णता आपोआप थंड भागाकडून तप्त भागाकडे जात नाही) भंग होत नाही. शिवाय करोना इतका विरळ आहे, की शांत भागात तो तापलेला ठेवण्यास दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॉट पुरतात, तर पृष्ठभागातून ६ कोटी वॉटहून अधिक बाहेर पडतात. सौरभौतिकशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांची १९८८ मधील नॅनोफ्लेअरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील असंख्य छोट्या स्फोटांनी करोना तापतो ही, कल्पनाही सांगता येते, आणि ती मला फार सुंदर वाटते.

अडचण आल्फ्वेन लहरींची, म्हणजे ताणलेल्या तारेवरील कंपनांप्रमाणे चुंबकीय रेषांवरून पुढे सरकणाऱ्या लहरींची, आहे. त्या करोनापर्यंत पोहोचतात हे निरीक्षणांतून दिसले आहे, परंतु कणांच्या टकरी इतक्या क्वचित होणाऱ्या माध्यमात त्यांची ऊर्जा उष्णतेत कशी बदलते, याविषयी मी वाचलेले इंग्रजी लेख सर्वस्वी समीकरणांवर उभे आहेत. मुलांना कलनशास्त्र अजून येत नाही आणि या भागासाठी वेळही थोडाच आहे. शेजारशेजारच्या चुंबकीय रेषांवर लहरींचा वेग वेगवेगळा असल्याने त्या हळूहळू विसंगत होतात आणि मग त्यांच्यात घर्षणासारखा परिणाम होतो, एवढेच सांगितले तर ते भौतिकदृष्ट्या चुकीचे ठरेल का?