बातमीतला ड्रायव्हर पळाल्याशिवाय दिसत का नाही?

उलटा_वारा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते शेवटी लिहितोय. सायकलवाला गाडीखाली मेला की त्याची बातमी कशी लिहितात ते एकदा नीट वाचा. खालचा नमुना मीच जुळवलाय पण ओळखीचा वाटेल:

"कारच्या धडकेत सायकलस्वार ठार. पहाटे हा भीषण अपघात घडला. कामावर जात असताना त्याला मागून आलेल्या कारची धडक बसली. त्याचा जागीच मृत्यू झाला. त्याने हेल्मेट घातले नव्हते. चालक पसार झाला."

आता क्रियापदं बघा. अपघात घडला, धडक बसली, मृत्यू झाला. कामावर जात होता ते सोडलं तर माणसांनी स्वतः केलेल्या गोष्टी दोनच, मेलेल्याने हेल्मेट घातलं नाही आणि जिवंत होता तो पळाला. मधली धडक नुसती 'बसली', चटका बसतो तशी. तो पळाला नसता तर बातमीत ड्रायव्हर आलाच नसता, कार एकटीच पहाटे फिरायला निघाली होती असं वाटलं असतं.

'वाहनावरील ताबा सुटला' हे तर माझं लाडकं. ताबाच नालायक, सुटून गेला. मोबाइल बघत होता का, डुलकी लागली होती का, वेग किती होता, काही नाही. आणि 'काळाचा घाला' म्हणजे तर थेट यमावरच गुन्हा दाखल.

सरळमार्गी:
असहमत. 'गोळीबारात दोन ठार' असंही छापतातच की, म्हणून बंदूक आपोआप उडाली असं कोणी समजतं का? हेडिंगला जागा कमी असते, वाचणाऱ्याला अक्कल असते. आणि सोयीची उदाहरणं घेऊ नका, 'भरधाव कारने सायकलस्वाराला चिरडले' हेही रोज असतं. वेग कोणी मोजला? घटनास्थळी कोण मीटर घेऊन उभं होतं? दोष कोणाचा हे ठरायच्या आधीच ड्रायव्हरला लटकवून मोकळे होतात, मग तपास कशाला करायचा.

उलटा_वारा:
गोळीबाराच्या बातमीत दुसऱ्या वाक्याला गोळ्या कोणी झाडल्या ते येतं, नाहीतर 'हल्लेखोर अज्ञात' एवढं तरी येतं. इथे दुसऱ्या वाक्याला हेल्मेट येतं. फरक तिथेच आहे. आणि 'भरधाव कारने' मध्येसुद्धा कारनेच चिरडलंय, चालकाने नाही. शिवी पण गाडीलाच.

हा काही एकट्या माझ्या डोक्यातला किडा नाही हो. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २००१ मध्येच ठरवलं की 'अ‍ॅक्सिडेंट' शब्द वापरायचा नाही, कारण त्यातून 'टाळता आलं नसतं' असा वास येतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये आपल्या शैलीपुस्तकात घातलं की निष्काळजीपणाचा आरोप झाला असेल किंवा तो सिद्ध झाला असेल तर हा शब्द टाळा, जबाबदार माणसाची सुटका केल्यासारखं वाचलं जातं.

सरळमार्गी:
'आरोप झाला असेल किंवा सिद्ध झाला असेल तर'. तुम्हीच लिहिलंत. म्हणजे सरसकट नाही. धन्यवाद, माझाच मुद्दा.

रात्रपाळी:
मी पेपरच्या डेस्कवर काम करतो म्हणून दोन शब्द. रात्री साडेअकराला पोलिसांकडून चार ओळी येतात, पान बाराला सोडायचं असतं. त्या चार ओळींत 'अपघात', 'धडक', 'पसार' हे शब्द आधीच बसलेले असतात, आम्ही फक्त व्याकरण सारखं करतो. 'भरधाव'सुद्धा तक्रारीतून येतो, आमच्या मनातून नाही. चालकाची चूक म्हणून ठोकून दिलं आणि तो पुढे कोर्टात निर्दोष सुटला तर नोटीस आमच्या नावाने. त्यामुळे हात आखडतो हे खरंय. पण खरं सांगू का, हेल्मेटचं वाक्य पोलिसांच्या टिपणात नसतं तेव्हा वरिष्ठ फोन करून विचारायला लावतात. ड्रायव्हर फोनवर होता का हे विचारायला मात्र मला अजून तरी कोणी सांगितलेलं नाही.

तिसरा_गिअर:
+१. मी रोज सायकल चालवते आणि हेल्मेट घालतेच, घालावंच. पण त्याची चाचणी काय असते ते ऐका. युरोपच्या ईएन १०७८ मानकात हेल्मेट सपाट लोखंडावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आदळवतात, म्हणजे ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर. सायकलवरून आपण स्वतः पडलो तर डोकं वाचावं म्हणून ते केलेलं असतं. ताशी ऐंशीने मागून आलेल्या कारच्या बातमीत 'हेल्मेट नव्हते' लिहिणं म्हणजे छत्री नव्हती म्हणून पुरात वाहून गेला म्हणण्यासारखं आहे.

मला स्वतःला उभ्या गाडीच्या दाराने पाडलंय, चार टाके. स्थानिक पेपरात दोन ओळी आल्या, 'उघड्या दरवाजावर सायकल आदळून महिला जखमी'. दरवाजा उघडा नव्हता हो! मी तीन फुटांवर असताना आतल्या बाईंनी तो उघडला, आरशात न बघता. पण बातमीत मीच जाऊन आदळले.

सरळमार्गी:
तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण मूळ प्रश्न तोच, भाषा बदलून नक्की काय बदलतं?

उलटा_वारा:
२०१९ चा अमेरिकेतला एक प्रयोग आहे, तिथे पादचाऱ्याला धडक बसल्याची बातमी होती. ९९९ जणांना एकाच घटनेच्या तीन आवृत्त्यांपैकी एक वाचायला दिली. वाक्यं चालकाभोवती फिरवली तर लोकांनी चालकाला जास्त दोष दिला, मेलेल्याला कमी. तिसऱ्या आवृत्तीत त्या भागातल्या बाकीच्या अपघातांची माहितीही जोडली, तर लोक रस्त्याची रचना सुधारा म्हणायला लागले. घटना तीच, नुसती वाक्यं फिरवली.

सरळमार्गी:
म्हणजे वाचकाचं मत वाक्यं फिरवून फिरवता येतं हे सिद्ध झालं. मग तुम्ही तुमच्या बाजूला फिरवायला सांगताय एवढंच ना? टेंपीचं आठवा, अमेरिकेतलं, २०१८. चाचणी चालू असलेल्या चालकरहित कारखाली सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई गेली. पहिल्या दिवसांत सूर असा की अंधारातून अचानक आली, कोणालाच टाळता आलं नसतं. पुढच्या वर्षी तपास यंत्रणेचा निष्कर्ष आला, गाडीवर लक्ष ठेवायला आत बसलेली चालक मोबाइलवर बघत होती हे मुख्य कारण. पण त्याच अहवालात कंपनीची ढिलाई आहे, राज्याची अपुरी देखरेख आहे, आणि बाई क्रॉसिंग सोडून ओलांडत होती हेही आहे. म्हणून म्हणतो थांबा. पहिल्या दिवशी कोणाच्याच नावावर काही लिहू नका.

तिसरा_गिअर:
पण पहिल्या दिवशी लिहिलंच ना, तिच्या नावावर! त्या गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. सेकंद मोजून बघा किती लांब असतात. दीड वर्षाने छापलेला निष्कर्ष कोण वाचतं?

काचेआड:
बराच वेळ नुसता वाचत होतो. माझ्या गाडीची एका सायकलवाल्याला धडक बसलीये. बघा, मीही 'बसली'च लिहिलं. पाऊस, समोरचे हेडलाइट, काच धूसर, आणि काच पुसायला खाली बघितलं त्या क्षणात तो समोर. गळपट्टीचं हाड मोडलं त्याचं, वाचला. मी थांबलो, दवाखान्यात नेलं. 'मी त्याला धडक दिली' असं लिहायला बोट उठत नाही, कारण 'दिली' म्हटलं की मुद्दाम दिल्यासारखं होतं, आणि ते खरं नाही. पण 'बसली' पण खरं नाहीये. खाली मीच बघितलं होतं.

तिसरा_गिअर:
अहो मग मराठीत सोय आहे की! कप फुटला, मी कप फोडला, आणि माझ्या हातून कप फुटला. तिसऱ्यात मुद्दाम काही नाही पण हात कोणाचा ते कळतं. लहानपणी पहिलं वाक्य बोललं की आई विचारायचीच, कोणाच्या हातून? बातमीवाले नेमकं पहिलंच वाक्य उचलतात.

सरळमार्गी:
हे पटलं. 'हातून' मध्ये आरोप कमी आणि माहिती जास्त आहे. पण हेडिंग करून दाखवा.

रात्रपाळी:
'कारचालकाच्या हातून सायकलस्वाराचा मृत्यू' चालणार नाही, खून केल्यासारखं वाचलं जाईल. 'कारचालकाकडून धडक, सायकलस्वार ठार' हे चालेल, दोन कॉलमात बसतं. आणि दोष ठरवत नाही, गाडी तोच चालवत होता एवढंच सांगतं. नेमकी आज एक तशीच बातमी आलीये. लावून बघतो.

उलटा_वारा:
वाट बघतोय!

रात्रपाळी:
सकाळी अंक बघितला. 'पहाटे सायकलस्वारावर काळाचा घाला'. मी दोनला घरी गेलो तोवर माझंच होतं, त्यानंतर हेडिंग बदललं गेलं.

काचेआड:
कोणाच्या हातून?