मारुती ८०० (कार्बोरेटर): चालू होते आणि लगेच बंद पडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती ८००, १९९७ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. गॅस किट कधीच बसवलेलं नाही. गाडी वडिलांची आहे आणि अंबाजोगाईजवळ गावी असते. मी नोकरीला संभाजीनगरात, त्यामुळे सुट्टीत गावी आलो की जमेल तेवढं बघतो.

तक्रार अशी. सेल्फ मारला की गाडी अर्ध्या सेल्फमध्ये उठते. दोन-तीन सेकंद व्यवस्थित चालते, मग आवाज खाली खाली जातो आणि बंद. झटका नाही, धूर नाही, फटफट नाही. कुणी हळूच नळ बंद करावा तशी जाते. परत सेल्फ मारला की परत उठते आणि परत तेच.

अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तर मात्र चालत राहते, रेससुद्धा मोकळी घेते. पाय काढला की गेली. चोक अर्धा ओढून ठेवला तर थरथरत का होईना, उभी राहते. चोक आत ढकलला की लगेच बंद.

पावसाळाभर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, टाकीत पाव टाकी पेट्रोल. शेताची कामं, त्यात यंदाचा पाऊस, गाडी बाहेर काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दसऱ्याला धुऊन पूजेसाठी चालू करायला गेलो तेव्हापासून हे असं आहे. उभी करताना काहीही त्रास नव्हता.

आतापर्यंत झालेलं काम: तिन्ही प्लग नवे, एअर फिल्टर साफ, पेट्रोल फिल्टर नवा. डेल्कोचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण आणि रोटर काढून पाहिला, स्वच्छ आहेत. बॅटरी चांगली आहे. कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप काढून बाटलीत धरला आणि सेल्फ मारायला लावला, तर पेट्रोल ठोके देत नीट पडतं. म्हणजे पंप काम करतोय.

तालुक्याच्या एका मिस्त्रींचं म्हणणं, कार्बोरेटर संपला, नवा टाका. दुसरे म्हणाले, एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या. मला दोन्ही पटत नाही. रेस दिल्यावर जी गाडी इतकी मोकळी चालते तिचा अख्खा कार्बोरेटर कसा काय संपेल? नेमकं काय बिघडलंय ते कळलं तर त्यावरच खर्च करावा, असं मला मनापासून वाटतं. पासिंग २०२७ पर्यंत आहे, पत्रा चांगला आहे, आणि वडिलांना या गाडीचा हात बसलेला आहे. आईला दवाखान्यात न्यायचं असलं की ते दुसऱ्या कुणाची वाट बघत नाहीत. आता त्यांना प्रत्येक वेळी शेजाऱ्यांना विचारावं लागतंय, ते मला बघवत नाही.

स्लो जेट, व्हॅक्यूमची गळती की पेट्रोलच खराब? कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद (परभणी)

भाऊ, आधी एक सांगा. चावी सोडल्या सोडल्या बंद होते, की चावी सोडल्यावर थोडी चालून? सेल्फला असताना करंट एका वाटेने आणि चावी परत आली की दुसऱ्या वाटेने जातो. चावीचा स्विच खराब असेल तर सोडताक्षणी जाते. पण मग रेस देऊनही टिकली नसती. तुमची टिकते, म्हणजे करंटची भानगड दिसत नाही. तिकडे पैसे घालू नका.

प्रतिसाद (नांदेड)

दादा, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं काम तिथंच झालं. कार्बोरेटर टाकून देऊ नका.

पाय काढलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिनला पेट्रोल फक्त स्लो जेटच्या बारीक भोकातून मिळतं. रेस दिली की मेन जेट काम करायला लागतो. म्हणून रेसला चालते आणि स्लोला मरते. चोक हवा अडवतो, त्याने उभी राहते याचा अर्थ स्लोला मिश्रण पातळ पडतंय, एकतर पेट्रोल कमी येतंय नाहीतर कुठून तरी जादा हवा शिरतेय. या दोनच गोष्टी शोधायच्या.

पहिलं काम फुकटचं आहे. कार्बोरेटरवर एक सोलेनॉइड असतो, एका वायरचा. चावी फिरवली की तो स्लोची वाट उघडतो, चावी बंद केली की वाट बंद करतो. गाडी चालू न करता फक्त चावी ऑन करा आणि वायर काढून परत लावा. प्रत्येक वेळी ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर आधी त्या वायरला करंट येतोय का ते बल्ब लावून पाहा. शेडमध्ये उभी होती म्हणता, तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, ते बोटाने चाचपत बघा. नुसतं वरून बघून दिसत नाही. मी हे आमच्याकडच्या गाड्यांत बऱ्याचदा पाहिलंय, सोयाबीन-तुरीच्या पोत्यांजवळ उभ्या केलेल्या गाड्यांत तर जास्तच.

दुसरं, बाटलीत धरलेलं पेट्रोल फेकलं नसेल तर काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकी अर्ध्याहून जास्त रिकामी ठेवून पावसाळाभर उभी केली की आतल्या दमट हवेचं पाणी होतंच. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, नाहीतर साफ केलेला जेट परत भरेल. १९९७ च्या गाडीचे रबरी पाइपसुद्धा या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. दाबून पाहा, मऊ किंवा चिकट लागले तर सगळे बदलून टाका. त्यात कंजुषी नको, इंजिनच्या उष्णतेवर पेट्रोल गळणं ही आगीशी गाठ आहे.

एवढं करूनही नाही जमलं तर स्लो जेट काढून हवेने साफ करा. भोकात तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. शेवटी कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि व्हॅक्यूमचे पाइप. चोकवर चालू ठेवून एकेक पाइप चिमटीत धरा. ज्याला धरल्यावर स्लो सुधारेल तिथं हवा शिरतेय.

प्रतिसाद (जालना)

स्लोचा स्क्रू कुणी फिरवला असेल तर आधी तेही विचारा. मिस्त्री लोक घाईत तो वर चढवून गाडी उभी करून देतात आणि मूळ दोष झाकला जातो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चावी सोडल्यावर थोडी चालून बंद होते, सोडताक्षणी नाही. स्क्रूला कुणी हात लावलेला नाही.

बाटली रात्रभर खिडकीत ठेवली होती. सकाळी तळाशी बोटभर थर, वरच्या पेट्रोलपेक्षा गढूळ, मध्ये सरळ रेघ. बाटली हलवली की एक होतं आणि थोड्या वेळाने परत खाली बसतं. वडिलांनाही दाखवलं, ते बराच वेळ बाटली उजेडात धरून बघत होते.

सोलेनॉइडचं तर विचारू नका. चावी ऑन केली, वायर काढली-लावली, एकदा टक, पुढे चार वेळा काहीच नाही. वायर चाचपत गेलो तर बॅटरीच्या मागे प्लास्टिक कुरतडलेलं, आत तांब्याचे दोन-तीन धागेच शिल्लक. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, आता प्रत्येक वेळी टक येतो. थंड गाडी चोक आत ठेवूनही उभी राहते. अजून अधूनमधून अडखळते, पण बंद पडत नाही.

उद्या टाकी उतरवून रिकामी करणार आहे. रबरी पाइप दाबले तर इंजिनजवळचे दोन मऊ लागले, ते बदलतोच. आता एवढंच सांगा: टाकीत खाली गंज दिसला तर ती घरी धुऊन वापरता येईल का, की नवीच घ्यावी? आणि १९९७ च्या ८०० साठी इथेनॉलला टिकणारा पाइप लातूर-परळीकडे कुणाला मिळालाय का? आतल्या व्यासाचं माप लिहिलंत तर बरं होईल, म्हणजे दुकानात दोनदा जावं लागणार नाही.